नाकाच्या उंचीवर

८ जानेवारी

साहेबांनी आज बोलावून सांगितलं, की मागची साचे ठेवायची खोली रिकामी करायची. तिथे धातूचं थ्रीडी प्रिंटिंग करणारं यंत्र बसणार आहे आणि त्याची प्रयोगशाळा उभी करायचं काम माझ्याकडे.

"सुरक्षित हवी," ते म्हणाले. "कागदावर नाही, खरोखरची. म्हणून तुला देतोय. तुझ्यासारखा शंकासुर या कारखान्यात दुसरा नाही."

हे कौतुक होतं की टोमणा, ते घरी येईपर्यंत ठरवता आलं नाही. दोन्ही असावं. कुलूप लावून पुन्हा ओढून बघणारा माणूस मी. लोक हसतात, पण सहलीला जाताना घराची किल्ली माझ्याकडेच देतात.

यंत्राची माहिती दिवसभर वाचली. धातूच्या पावडरीचा पातळ थर पसरायचा, लेझरने हवा तेवढाच भाग वितळवायचा, वर दुसरा थर. असे हजारो थर झाले की पावडरीतून अखंड वस्तू उकरून काढायची. पावडर हातावर घेतली तर तोंडाला लावायच्या पावडरीइतकी मऊ. पण हवेत उडाली आणि ठिणगी मिळाली, तर खोलीच्या भिंती जागेवर राहणार नाहीत. पेटल्यावर पाणी मारायची सोय नाही, त्याने ती जास्तच भडकते. म्हणून यंत्राच्या पोटात हवा ठेवत नाहीत, आर्गॉन भरतात. आर्गॉन स्वतः जळत नाही, दुसऱ्याला जळू देत नाही. त्याला वास नाही, रंग नाही. कुणाच्या अध्यात ना मध्यात. फक्त त्यात श्वास घेता येत नाही.

मला झोपेत पावडर दिसणार आता.

२१ जानेवारी

आराखडा तिसऱ्यांदा बदलला. दार बाहेरच्या बाजूला उघडणारं. सिलिंडर भिंतीपलीकडे, उघड्यावर. फरशी अशी, की पायांनी वीज साठू नये. स्फोट झालाच तर छताचा एक भाग आधी निघून जावा आणि आग वर जावी, माणसांकडे नाही.

"प्रयोगशाळा बांधतोयस की किल्ला?" साहेब बैठकीत म्हणाले. सगळे हसले, मीही हसलो.

छत आणि ओढलेली पावडर पेटण्याआधीच पाण्यात बुडवणारा व्हॅक्यूम, या दोन गोष्टींवर मी अडून बसलो. बदल्यात काहीतरी सोडावं लागणार होतं. प्रत्येकाच्या खिशाला लावायचे ऑक्सिजन मीटर दुसऱ्या टप्प्यात घेऊ, असं ठरलं. "भिंतीवर एक पक्का सेन्सर असणारच आहे," हे वाक्य माझंच.

बाहेर आल्यावर दोघांनी पाठ थोपटली, जिंकलास म्हणाले. सौद्यात काय दिलं ते माणूस लवकर विसरतो, म्हणून इथे लिहून ठेवतो.

४ फेब्रुवारी

हिचा धाकटा भाऊ जिथे वेल्डिंग करतो ते वर्कशॉप बंद होतंय. हिने आज जेवताना विषय काढला.

"तुमच्या नव्या यंत्रावर माणूस लागणारच ना? तू एक शब्द टाक."

मी म्हणालो, माझ्या हाताखालच्या जागेवर माझाच मेव्हणा नको. लोक बोलतील.

"नाकासमोर चालणाऱ्या माणसाशी संसार केला की हे असं," ही म्हणाली. "तू सरळ जातोस रे, पण शेजारी कोण उभं आहे ते तुला दिसत नाही."

आई कोपऱ्यात बसून मटार सोलत होती. तिने फक्त एक शेंग जरा जोरात फोडली.

पुष्कळ विचार केला. माझा नकार तत्त्वाचा आहे की भित्रेपणाचा? शेवटी त्याला एवढंच सांगितलं, की अर्ज कर, परीक्षा साहेब घेतील, मी खोलीतही नसेन.

१८ फेब्रुवारी

तो निवडला गेला, आणि चांगल्या गुणांनी. त्याला वेल्डर लोक 'ठिणगी' म्हणतात हे साहेबांना कुठून तरी कळलं. "काय रे शंकासुरा, प्रयोगशाळेत ठिणगी नको म्हणून आमचं डोकं खाल्लंस, आणि शेवटी ठिणगीच घेऊन आलास?"

त्याच्याशी मी इतरांपेक्षा कडक वागतो. आज बुटांवरून बोललो. वीज साठू न देणारे बूट घालूनच आत यायचं, तो दारातच एक पाय चपलेत ठेवून उभा होता. खरं तर आत आलेलाच नव्हता. त्याने निमूट बूट चढवले आणि म्हणाला, "दाजी, सासुरवाडीच्या माणसाला एवढं घालूनपाडून बोललेलं ताईला सांगू का?" मग स्वतःच हसला. एरवी सांगेन ते शब्द न् शब्द ऐकतो. कधी एक प्रश्न विचारत नाही. त्याची मला गंमत वाटते, मी त्याच्या वयाचा असताना शिक्षकांना हैराण करायचो.

५ मार्च

ऑक्सिजनचा सेन्सर आला. बसवणारा म्हणाला, "कुठे ठोकू?" पुस्तिकेत लिहिलंय, 'श्वासाच्या उंचीवर'. दुसरा कुणी असता तर दिव्याच्या बटणाच्या उंचीवर ठोकून मोकळा झाला असता. मी टेप काढला.

जे जे त्या खोलीत काम करणार त्या सगळ्यांना भिंतीला टेकून सरळ उभं केलं आणि जमिनीपासून नाकापर्यंत मोजलं. नुसता हशा. तपासणी विभागातल्या बाई म्हणाल्या, "लग्नाच्या वेळीसुद्धा माझं नाक कुणी इतकं निरखलं नव्हतं." मेव्हणा म्हणाला, "दाजी, माझं नाक मोजून उपयोग नाही. आमच्या घरात ताईपुढे कुणाचंच नाक वर नाही."

सगळ्यांची सरासरी काढून खूण केली आणि सेन्सर बरोबर त्या खुणेवर बसवून घेतला. त्याचा आकडा बाहेर, काचेच्या खिडकीशेजारी दिसतो. काम असंच व्हावं. आज मी स्वतःवर खूश आहे, आणि मला हे वाटणं फारसं आवडत नाही.

१९ मार्च

आईच्या कानातल्या कुडीची फिरकी पडली. मी बॅटरी घेऊन सगळी खोली पालथी घातली. ती म्हणाली, "उभ्याने काय दिसणार आहे तुला?" आणि गुडघे दुखत असताना खाली बसली. कपाटाच्या पायामागे होती. तिला उठवायला दोघं लागलो. डॉक्टरांनी बजावलंय, जमिनीवर बसू नका. ऐकत नाही.

२ एप्रिल

पहिली वस्तू निघाली. हातात मावेल एवढा ब्रॅकेट, आतून पोकळ, जाळीचा, कुठल्याही साच्यात ओतून कधी झाला नसता असा. पावडरीतून उकरताना सगळे काचेपाशी गोळा झाले होते. मेव्हण्याने ब्रशने शेवटची पावडर झटकली आणि तो दोन्ही हातांत धरून मला दाखवला, बाळ दाखवतात तसा.

आयुष्यभर धातू जोडत आलेला माणूस. संध्याकाळी हिला म्हणाला, "ताई, जोडच नाही गं त्याला कुठे."

११ एप्रिल

यंत्राच्या खाली, मागच्या बाजूला फिल्टरची पेटी आहे. धूर आणि काजळी तिथे साठते. ती काजळी हवा लागली की आपोआप पेटू शकते, म्हणून पेटीतही आर्गॉन भरून ठेवतात. फिल्टर बदलताना झडप बंद करायची, पेटी उघडायची, काजळी ओली करायची, मग फिल्टर बाहेर. नियम दोन माणसांचा: एक आत, एक काचेबाहेर त्याच्यावर नजर ठेवून. दारावर मी मोठ्या अक्षरांत पाटी लावली आहे: आतला पडला तरी मागोमाग आत जायचं नाही. आधी लाल बटण, मग हवेचा मुखवटा, मग आत. एकाला काढायला गेलेला दुसराही तिथेच पडल्याच्या हकिकती मी वाचल्या आहेत.

आज पहिल्यांदा फिल्टर बदलला. नीट झालं. एकच खटकलं. त्या कामासाठी मी बुटकं स्टूल ठेवलंय, मेव्हण्याने ते पायाने बाजूला सारलं आणि यंत्र आणि भिंत यांच्यामधल्या बेचक्यात उकिडवा बसला. विचारलं तर म्हणाला, "स्टुलावर बसलं की पेटीचा खिट्टा हाताला येत नाही. आणि आपली बैठक हीच, दाजी. पंधरा वर्षं असाच बसून वेल्डिंग केलंय."

कामाला बाध येत नव्हता. सोडून दिलं. सगळ्याच गोष्टींत नाक खुपसू नये.

२४ एप्रिल

आज लिहिणार नाही. तो जिवंत आहे.

२६ एप्रिल

जसं घडलं तसं लिहितो.

परवा फिल्टर बदलायचा होता. काचेबाहेर उभा राहणारा रजेवर, म्हणून मी उभा राहिलो. मेव्हण्याने झडप बंद केली, मला अंगठा दाखवला, आणि यंत्रामागे बसला. मला त्याची फक्त पाठ आणि टोपी दिसत होती. स्पीकरवर त्याचा आवाज येत होता. ताईने डब्यात काय दिलंय, माझ्या डब्यातलं जास्त चांगलं असतं का, असं काहीतरी. मग थांबला. वाटलं, खिट्टा काढतोय. टोपी पुढे झुकली, वाटलं, आत वाकून बघतोय. मी हाक मारली. पुन्हा मारली. तो कलंडला आणि डोकं यंत्राच्या कडेवर आपटलं. तो आवाजही स्पीकरवर आला.

शेजारी सेन्सरचा आकडा हिरवा. वीस पूर्णांक नऊ. मोकळ्या मैदानात असते तेवढी चांगली हवा.

मनात आलं ते असं: हवा ठीक आहे, म्हणजे हृदय असेल, किंवा शॉक. आत जा. माझा हात दाराच्या मुठीवर होता. पाटी माझ्या डोळ्यांसमोर, माझेच शब्द. पण मला थांबवलं ते पाटीने नाही. आर्गॉनची पेटी उघडून माणूस काम करतोय आणि आकडा केसभरसुद्धा हलत नाही, हे मला पटलं नाही. इतकं चांगलं काहीच नसतं.

लाल बटण दाबलं. बाहेरून येणारा आर्गॉन तुटला, पंखे पूर्ण वेगाने सुरू झाले. खुंटीवरचा मुखवटा काढला. पट्ट्याला पीळ पडला होता. तो सोडवत मी उभा होतो आणि काचेतून मेव्हणा दिसत होता. त्याचा एक बूट थोडा हलला, मग हलायचा थांबला. किती वेळ गेला ते यंत्राच्या नोंदीत आहे. मी ती बघितलेली नाही.

आत जाऊन त्याला काखेत धरून ओढत बाहेर काढला. ओठ निळे होते. नंतरचं तुकड्यातुकड्याने आठवतं.

२९ एप्रिल

त्याने डोळे उघडले. नर्सला विचारलं, "यंत्र बंद केलं का?"

झडप पूर्ण बसलीच नव्हती, असं तपासणाऱ्याने सांगितलं. आर्गॉन झिरपत राहिला. तो हवेपेक्षा जड, जमिनीवर साठत गेला, त्या बेचक्यात तर हौदासारखा. वरच्यावर हवा चांगलीच होती.

ही माझ्याशी जवळजवळ बोलत नाही. त्या दिवशी दवाखान्यात एवढंच विचारलं, "तू कुठे होतास?" मी म्हणालो, "काचेबाहेर." तिने मान फिरवली. तिचा भाऊ पडलेला आणि मी पट्टे बांधत उभा, हे ती मला कधी माफ करणार नाही. मी तिच्या जागी असतो तर केलं नसतं.

ही धड जेवत नाही. त्याचा कामाचा डगला मांडीवर घेऊन घड्या घालते, मोडते, पुन्हा घालते. आज नर्सला हळूच म्हणत होती, "मीच पाठवला होता." बहुधा औषधांना कुणाला तरी खाली पाठवलं असेल.

३ मे

त्याला भेटलो. टाके निघाले, चेहऱ्यावर रंग आला आहे. म्हणाला, "दाजी, माझं नाक मोजून उपयोग नाही. आमच्या घरात ताईपुढे कुणाचंच नाक वर नाही." फार बरं वाटलं, मार्चमधलं सगळं त्याला आठवतंय. निघताना पुन्हा तेच म्हणाला. आवडता विनोद माणूस दोनदा सांगतोच.

६ मे

चौकशीची बैठक. बाहेरचे दोन तज्ज्ञ, साहेब आणि मी. झडपेचा दोष ती विकणाऱ्याच्या माथी गेला. सेन्सरची जागा 'मान्य पद्धतीप्रमाणे'. माझ्या आराखड्याचं कौतुक झालं, लाल बटणाचं विशेष. आणि शेवटचं वाक्य: 'कामगाराने दिलेल्या स्टुलाचा वापर न करता जमिनीवर बसून काम केल्याने अपघात घडला.' सगळ्यांच्या सह्या हव्यात.

त्या वाक्याचा अर्थ साहेबांनी नंतर सांगितला. चूक कामगाराची ठरली की त्याला परत घेता येणार नाही. "वाईट मलाही वाटतंय. पण यात तुझ्यावर काहीच येत नाही, हे लक्षात घे."

मी विचार करायला वेळ मागितला आणि प्रयोगशाळेत गेलो. तो बसला होता तिथे खडूने गोल काढला आहे. गोलाकडे बघितलं, मग भिंतीवरच्या सेन्सरकडे. मार्चमध्ये मी प्रत्येकाला काय म्हणालो होतो? सरळ उभे राहा.

काम करताना कोण सरळ उभं राहतं?

७ मे

मेव्हण्याला वाक्य वाचून दाखवलं. तो म्हणाला, "मग करा की सही. बसलो होतोच मी. खोटं काय आहे त्यात?"

"तुझी नोकरी जाईल."

"तुमची राहील ना? मग झालं. एकाच घरातल्या दोन चुली कशाला विझवायच्या?"

मी त्याला विचारलं, तू एकदाही का नाही म्हणालास, की खाली बसलो तर हा सेन्सर काय कामाचा? तो म्हणाला, "दाजी, तुम्ही कुलूप तीनदा ओढून बघणारा माणूस. तुम्ही बघितलंय म्हटल्यावर आम्ही कशाला बघतोय?"

माझ्या शंकांचा मला अभिमान होता. माझ्यामुळे बाकी कुणाला शंकाच येईनाशी झाली होती, हे कधी डोक्यात आलं नाही.

९ मे

सकाळी हिला सगळं सांगितलं. सही करणार नाही, हेही. आणि जे दोन आठवडे बोललो नव्हतो ते: मी लगेच आत गेलो नाही, त्याबद्दल तू जे म्हणशील ते मला मान्य आहे.

तिने चहाचा कप खाली ठेवला. "त्याबद्दल मी एक शब्द तरी बोलले का रे? तू तसाच आत घुसला असतास तर दोघांसाठी रडत बसले असते. वेडा आहेस का?"

"मग बोलत का नाहीस?"

"त्याला इथे मी पाठवला. तू नको म्हणत होतास. मीच मागे लागले. कुठल्या तोंडाने बोलू तुझ्याशी?"

दवाखान्यात ऐकलेलं वाक्य तेव्हा कळलं. एकाच घरात दोघं आपापल्या गुन्ह्याला धरून बसलो होतो, आणि मला वाटत होतं की गुन्हा एकच आहे, माझा. सगळं आपल्याकडेच ओढून घेणं हासुद्धा एक प्रकारचा माज असावा.

मी तिला खरं ते सांगितलं. मी नको म्हणत होतो ते माझ्या नावाला बट्टा लागू नये म्हणून. त्याच्या जिवाची काळजी त्यात नव्हती.

"माहीत आहे," ती म्हणाली. "चहा घे."

१२ मे

अहवालाला माझं वेगळं पत्र जोडलं. थोडक्यात असं: कामगार त्याच्या कामाला योग्य तसाच बसला होता. स्टूल त्या पेटीसाठी चुकीचं होतं. सेन्सर उभ्या माणसाच्या नाकाशी बसवला आणि काम बसून करायचं होतं. हवा ओढणारी जाळी छताजवळ ठेवली आणि वायू जड होता. खिशातले मीटर मी पुढे ढकलू दिले. चूक आराखड्याची आहे आणि आराखडा माझा.

साहेबांनी वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. "आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा म्हणतात तो हाच."

"पाय माझाच आहे ना, साहेब."

ते हसले नाहीत. मग म्हणाले, की प्रमुख दुसरा नेमावा लागेल, पत्र फाइलला लागलं की माझ्या हातात राहणार नाही. मेव्हण्याला मात्र परत घेतील. सध्या हलकं काम, यंत्रावर नाही. डॉक्टर अजून 'बघू' म्हणतात.

काय 'बघू', ते मी डॉक्टरांना विचारलं नाही. सगळ्या जगाला प्रश्न विचारणारा मी, हा एक विचारला नाही.

१४ जून

नव्या प्रमुखाने दुरुस्त्या माझ्याकडूनच करून घ्यायचं ठरवलं. भला माणूस आहे. जाळी जमिनीलगत आली, खिशाचे मीटर आले, बेचक्यात मोकळी जागा केली. आज खालचा सेन्सर बसवायचा होता.

खूण कुठे करायची ते बघायला मी स्वतः खाली बसलो. आराखडा माझा, वीट न् वीट माझ्यासमोर रचलेली, आणि त्या फरशीवर मी कधी बसलो नव्हतो. तिथून खोली वेगळीच दिसते. यंत्राच्या पायामागे कुणीच न पुसलेली पावडरीची रेघ होती. लाल बटण तर दिसतच नव्हतं. फिरकी शोधताना आई म्हणाली होती ते आठवलं.

मेव्हणा शेजारी येऊन उकिडवा बसला. "माझं मोजा, दाजी. तुमची बैठक खोटी आहे, टाचा उचलल्यात."

मी टेप धरला. तो भिंतीला पाठ लावून, हसू दाबत म्हणाला, "पण माझं नाक मोजून उपयोग नाही. आमच्या घरात ताईपुढे कुणाचंच नाक वर नाही."

सकाळी बसस्टॉपवर त्याने हे सांगितलं होतं. चहाच्या वेळीही. त्याच्या चेहऱ्यावर, आत्ताच सुचल्याचा तोच आनंद होता. दारात ही त्याचा घरी विसरलेला डबा घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं. तिला हे केव्हाचंच माहीत होतं, ते मला त्या नजरेत कळलं.

मी हसलो, पहिल्यांदाच ऐकल्यासारखा, मोठ्याने. मग त्याला म्हणालो, हलू नकोस, आणि त्याच्या नाकापाशी भिंतीवर खूण केली.